जांभळ्या डोळ्यांची पाहुणी

"वहिनी, ही गोष्ट तुमच्या वाट्याला," म्हणत रेवती वन्संनी छापील कागदांचा गठ्ठा माझ्या वातींच्या ताटाशेजारी ठेवला. "वाचा आणि झाडून टाका. या वेळी दया दाखवायची नाही हं."

श्रावण होता. बेळगावचा श्रावण म्हणजे पाऊस पडतोय की नुसता हवेत उभा आहे, हे कळू नये असा. देवघरासमोर बसून मी लक्ष वातींचा नेम करत होते. बोटांना दूध आणि कापूस लागलेला, म्हणून कागदांना हात लावला नाही. मान तिरकी करून पहिली ओळ तेवढी वाचली. 'मयूराक्षीचे डोळे पिकल्या जांभळासारखे होते आणि केस घोट्यापर्यंत.' पुढं असंच होतं. ती सात भाषा बोलायची, तलवार चालवायची, आणि रडली की तिच्या डोळ्यांतून मोती पडायचे.

"कुणी लिहिलंय?"

"'पाहुणी' म्हणून सही आहे. अगदी शेवटी काय लिहिलंय ते बघा, म्हणजे कळेल केवढा नखरा आहे तो."

हात धुऊन मी शेवटचं पान काढलं. कथा अर्धवट तुटली होती आणि खाली लिहिलं होतं, 'मी आत आले आहे. राहू दिलंत तर पुढचं लिहीन. झाडलंत तरी रागावणार नाही. मग मात्र लिहिणं संपलं.'

वन्सं हसल्या. मला का कोण जाणे, हसू आलं नाही.

आता हे सगळं काय होतं ते सांगायला हवं. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा वन्सं माझ्याशी फारशा बोलत नसत. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, देवाधर्माचा गंध नाही. आणि मी अशी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी. एके दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पुस्तक दिलं. द्वा. ज. सामंगडकरांचं, धुकेबंदरचं पहिलं. ते वाचून झालं आणि आमची मैत्री झाली. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण धुकेबंदरावर दोघींचाही होता.

काय गाव होतं ते. कुठल्याच नकाशात नसलेलं. तिथं समुद्राऐवजी धुकं होतं, आणि त्या धुक्यावर होड्या तरंगायच्या. होड्यांना वल्ही नाहीत. पलीकडच्या काठावर कुणी आपल्यासाठी घंटा वाजवली तरच होडी हलायची. दीपमाळेवर माळजी नावाचा म्हातारा दिवा सांभाळायचा आणि दिवसाला एकच वाक्य बोलायचा. पाच पुस्तकं झाली. पाचव्याच्या शेवटी माळजीनं दिवा मालवला, धुकं बंद झालं, आणि बाहेरच्या कुणालाही आत यायची वाट उरली नाही. त्यानंतर पुस्तक आलं नाही. प्रकाशन बंद पडलं. सामंगडकर वारले असं कुणीसं म्हणालं आणि ते खरं धरलं गेलं.

पंगत उठल्यावरही काही माणसं पानावर बसून राहतात ना, तसे आम्ही वाचक बसून राहिलो. पुढं घरोघरी इंटरनेट आलं तेव्हा कळलं की आपल्यासारखे बरेच आहेत. लोक आपापल्या मनानं धुकेबंदरच्या गोष्टी लिहू लागले. काही सुरेख असायच्या. काहींत माळजी मोटारसायकलवरून फिरायचा.

त्यावर उपाय म्हणून वन्संनी झाडूखातं काढलं. म्हणजे अशी कल्पना, की धुकेबंदरच्या मागल्या गल्लीत एक कचेरी आहे. कुणी बंदराविषयी भलतंसलतं लिहिलं की तिथली घंटा वाजते, दोन झाडूवाले उठतात, थेट त्या गोष्टीत शिरतात आणि घाण काढून बाहेर येतात. हे खातं सगळ्यांचं एकच. त्यातली झाडूवाल्यांची जोडी मात्र ज्याची त्यानं घडवायची. पोस्टातून निवृत्त झालेले बाबूराव नेसरीकर होते. त्यांचे दोन झाडूवाले सदा चहाच्या शोधात. केतकी हुक्केरी कॉलेजात शिकायची आणि सगळ्यांचं लिखाण कॉम्प्युटरवर चढवायची. तिच्या जोडीतली एक प्रत्येक गोष्टीत प्रेमात पडायची. माझ्या गोदाक्का आणि ठकू. एकाच्या गोष्टीत जे घडलं ते सगळ्यांवर बंधनकारक. नेसरीकरांच्या गोष्टीत त्यांच्या एका झाडूवाल्याचा दात पडला, तर माझ्या गोष्टीत त्यानं चकली मोडून खायची.

नियम वन्संचे, आणि कडक. मूळ पुस्तकात आहे तोच कायदा. जी गोष्ट झाडायची ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची, वरवर चाळून झाडू उचलायचा नाही. गोष्टीला हसायचं, लिहिणाऱ्याला नाही. आणि झाडूवाल्यांची फजिती त्याहून जास्त झाली पाहिजे. लहान मुलाच्या लिखाणाला हात लावायचा नाही. घुसखोर पात्राला त्याचे गुन्हे सरळ शब्दांत वाचून दाखवायचे आणि मग त्याचं विसर्जन करायचं. सगळ्यांत वरचा नियम असा, की मूळ लिहिणाऱ्याला वाचनाचं आमंत्रण द्यायचं. त्याच्या तोंडावर वाचता येणार नाही ते लिहायचंच नाही. आमंत्रणं जायची. येत कुणी नसे.

त्या आठवड्यात रोज दुपारी, घर निजलेलं असताना, मी मयूराक्षीची गोष्ट वाचली. चांगली नव्हती, खोटं कशाला बोलू. एका दिवसात एक वाक्य बोलणारा माळजी तिला पाहताच तीन पानं बोलत होता, आणि तेही यमक जुळवून. ती सोन्याच्या वल्ह्यांनी होडी हाकत होती. तिच्या अंगाला गुलाबांचा वास येत होता, धुक्यात गुलाब उगवत नसताना. माझ्या गोदाक्काला आयतं कुरण मिळालं होतं.

पण शेवटापर्यंत वाचायचं, हा नियम मी नेमासारखा पाळायचे. आणि वाचता वाचता एक गोष्ट मनाला टोचू लागली. त्या मुलीला सगळे भुलत होते, तिच्यावर फुलं उधळत होते, पण ती कुठल्याच घरात शिरत नव्हती. सोप्याच्या पायरीशी उभी, वेशीशी उभी, खिडकीबाहेर उभी. कुणी तिला बस म्हणत नव्हतं. इतकी पानं झाली तरी तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. लिहिणारीला ते सुचलंच नव्हतं, की तिला लिहिताच येत नव्हतं?

शनिवारी दुपारी लिहायला बसले. बाहेर तो उभा पाऊस. गोदाक्का आणि ठकू सरसर कागदावर उतरल्या. मोत्यांवरून पाय घसरून गोदाक्का गल्लीभर लोळली, गुलाबांनी तिला शिंका आल्या, ठकूनं मोती ओटीत भरून घेतले आणि ओटीच फाटली. मला लिहिताना हसू येत होतं. मग गुन्हे वाचायची वेळ आली, आणि तिथं माझा डोळा लागला असावा. लागला की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. कागद मांडीवर होते, पेन हातात होतं, आणि धुकं देवघरापर्यंत आलं होतं. समईची ज्योत त्यात मऊ, लोण्यासारखी दिसत होती. धुक्यात ती उभी होती. डोळे खरंच जांभळे. मला वाटलं होतं ऐटबाज असेल. पण परक्या गावच्या लग्नात ओळखीचं कुणीच न भेटलेल्या माणसासारखा तिचा चेहरा होता. गोदाक्का झाडू टेकवून म्हणाली, "विसर्जन करायचंय तर करू. पण आपण गणपतीलासुद्धा उपाशी पोचवत नाही." ठकू म्हणाली, "आधी आत तर घ्या तिला."

जागी झाले तेव्हा दोघींची ती वाक्यं कागदावर होती. अक्षर माझंच होतं. पुढं मी लिहिलं ते एवढंच, की गोदाक्कानं तिच्या पायांवर पाणी घातलं, पाट मांडला, वरणभात वाढला, वर लिंबू पिळलं, आणि ती मुलगी जेवायला बसली. विसर्जन लिहायला हात उचलेना. जेवत्या पानावरून कुणाला कसं उठवायचं?

नियम मोडला होता, हे मला कळत होतं. वन्सं काय म्हणतील, हेही.

रविवारी दुपारी आमच्याच माडीवर सगळे जमले. नेसरीकर छत्री झटकत वर आले आणि चहाची चौकशी त्यांच्या झाडूवाल्यांच्या वतीनं केली. केतकी गुडघे पोटाशी घेऊन खिडकीत बसली. पाहुणीसाठी खुर्ची नेहमीसारखी मांडलेली आणि नेहमीसारखी रिकामी. मी वाचायला सुरुवात करणार तोच जिन्यावर काठीचा आवाज आला.

एक वृद्ध बाई वर आल्या. नऊवारी नेसलेल्या, कृश, चष्म्याच्या काचा जाड. निपाणीहून आले, म्हणाल्या, भाचसून खाली रिक्षात थांबलीय. मग हसून म्हणाल्या, "मयूराक्षी माझी."

आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. केतकीला तर वाटत होतं की हे एखाद्या आठवीतल्या मुलीचं काम असणार. नियमाप्रमाणे सोडून द्यावं लागेल की काय, असं ती मला म्हणालीही होती. वन्संनी आजींना बसवलं, पाणी दिलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, की तुमच्यासमोर वाचलं तर चालेल ना.

"त्यासाठीच आले," आजी म्हणाल्या. "काय ठरतंय ते ऐकून जाते."

मी वाचू लागले. आवाज आधीच बारीक, त्यात लिहिणारीच समोर. पण गोदाक्का मोत्यांवरून घसरली तेव्हा सगळ्यांच्या आधी आजी हसल्या. शिंका आल्या तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या. माझी भीती थोडी गेली. मग गुन्हे आले. माळजीच्या तीन पानी भाषणाशी त्यांनी मान डोलावली, म्हणाल्या, फारच बोलला तो. पुढचा गुन्हा वल्ह्यांचा होता.

इथं वन्संना राहवेना. हा त्यांचा आवडता विषय, त्यावर त्या कॉलेजात बोलल्याही होत्या. मला हातानं थांबवून त्या आजींना समजावू लागल्या, की बघा, धुकेबंदरात वल्ही नाहीत यात सामंगडकरांचं सगळं तत्त्वज्ञान आहे. माणसाला स्वतःच्या बळावर पैलतीर गाठता येत नाही, कुणीतरी बोलवावं लागतं. तुम्ही वल्ही आणलीत आणि पायाच काढून घेतलात.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण तसं काही नव्हतं हो. मी सोलापूरकडची. तोवर होडीत पाय ठेवला नव्हता. वल्हं कसं धरतात, कुठं बसून ओढतात, काही ठाऊक नाही. आणि प्रकाशकांना दिवाळीआधी पुस्तक हवं होतं. म्हटलं, चालू देत घंटेनं."

खाली रिक्षावाला कुणाशीतरी कानडीत बोलत होता, ते स्वच्छ ऐकू येत होतं.

"म्हणजे," वन्सं म्हणाल्या, "तुम्ही..."

"द्वारका जनार्दन. सामंगडकर माहेरचं नाव. प्रकाशक म्हणाले, बाईच्या नावावर असली पुस्तकं कोण घेणार. मग आद्याक्षरं घातली."

नेसरीकर वर्षानुवर्षं सामंगडकरसाहेब, सामंगडकरसाहेब म्हणत आले होते. ते उभे राहिले, काय करावं न सुचून पुन्हा बसले, आणि हळूच म्हणाले, "आता झाडू मारायचा कुणावर?"

वन्संचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ज्यांच्या शब्दाबाहेर वन्संनी कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्या समोर बसल्या होत्या, आणि त्यांचीच गोष्ट झाडायला वन्संनीच माझ्या हातात दिली होती. तरी त्या वन्संच. सावरून त्यांनी विचारलं ते आम्हा सगळ्यांच्या मनात इतकी वर्षं होतं. माळजीनं दिवा का मालवला?

आजी काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, तेव्हा घरात माणसं फार, आजारपणं फार. वाटलं, बंद करून ठेवावं, म्हणजे आपण नसताना कुणी नासधूस करणार नाही. सवड मिळाली की उघडू.

"मग माणसं गेली, सवडच सवड झाली," त्या म्हणाल्या. "पण मलाच आत जाता येईना. लिहायला बसायची तर नुसतं धुकं. बाहेरच्यानं यायचं नाही असं मीच लिहून ठेवलेलं, आणि मीच बाहेर."

"म्हणून मयूराक्षी?" मी विचारलं.

"साध्या बाईला कोण आत घेणार? म्हणून तिला सगळं देऊन पाहिलं. डोळे दिले, केस दिले, भाषा दिल्या. जे सुचेल ते दिलं." त्या माझ्याकडे वळल्या. "पण दारातच उभी राहिली बघा. तुमचं वाचून व्हायचंय ना अजून?"

मी उरलेलं वाचलं. कसं वाचलं ते मला आठवत नाही. पाण्याचं वाचलं, पाटाचं, वरणभाताचं. शेवटच्या ओळीनंतर कागद खाली ठेवला. माडीवर पावसाचा ओलसर उजेड भरला होता, सगळ्यांच्या कडा त्यात विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. केतकी खिडकीबाहेर बघत होती. आजींनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

मग त्यांनी वन्संनाच विचारलं, की आता निकाल काय.

मला वाटलं, वन्सं आता नियम सांगतील, आणि तसंच झालं. मूळ पुस्तकात आहे तोच कायदा, त्या म्हणाल्या, आणि तो लिहिणाऱ्यालाही लागू असायला हवा, नाहीतर इतकी वर्षं आम्ही लोकांच्या गोष्टी कुठल्या अधिकारानं झाडल्या? माळजी तीन पानं बोलू शकत नाही. वल्ही नाहीत. आवाज कापत होता त्यांचा, पण बोलल्या.

"बरोबर आहे," आजी म्हणाल्या. "मीसुद्धा झाडलीच असती. वाईट लिहिलंय मी." त्यांनी काठी ओढून घेतली आणि उठू लागल्या. "तुम्ही जपलंत मात्र सगळं. मी ठेवलं होतं त्याहून नीट."

नेसरीकर त्यांना हात द्यायला पुढं झाले. मी वन्संकडे पाहिलं. मी कधी त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले नाही, त्या दिवशीही नाही. एवढंच म्हटलं, "वन्सं, ती पानावर बसलीय हो अजून."

जिन्याकडे दोन पावलं गेली. काठीचा आवाज झाला आणि थांबला, कारण वन्संनी हाक मारली होती. नावानं नव्हे. नुसतं "अहो" म्हणाल्या, वाटेत कुणाची वस्तू पडली की आपण मारतो तशी.

"जेवल्यावर तिनं काय केलं?"

आजी वळल्या. त्यांना प्रश्न कळला नाही असं मला आधी वाटलं. त्या तशाच उभ्या होत्या, जाड काचांमागचे डोळे आमच्या कुणाकडे न बघता कुठंतरी पलीकडे लागलेले. मग काठी भिंतीला टेकवून त्या होत्या तिथंच, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. खुर्चीपर्यंत येण्याइतकाही वेळ नव्हता जणू.

"हात धुतले," त्या म्हणाल्या. "मागल्या दारी, घंगाळाशी. तोंडावर पाणी मारलं तर डोळ्यांचा रंग पाण्यात उतरला. जांभळं पाणी मोरीतून वाहत गेलं. खालचे डोळे साधेच, जरा थकलेले. मग केस जड वाटायला लागले, म्हणून तिनं सुतळीनं बांधून टाकले. आणि भाषा..." त्या थांबल्या. "भाषा एकेक करून विसरली. शेजारीण हाक मारत होती, तेवढी कळण्यापुरती एक राहिली."

केतकी खिडकीतून अलगद उतरून खाली बसली. नेसरीकरांच्या हातात आजींसाठी धरलेली छत्री तशीच होती.

"शेजारीण का हाक मारत होती?" वन्संनी विचारलं. त्या बोलता बोलता टेबलाशी गेल्या होत्या. माझ्या गोष्टीचे कागद त्यांनी पालथे केले, कोरी बाजू वर आली.

"थांबा, दिसतंय मला. फार लांब आहे, पण दिसतंय." आजींनी डोळे मिटले. "मी भरभर बोलले तर तुम्हाला जमेल का?"

वन्सं येऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि कागद गुडघ्यावर घेतले.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहितेय."